चुंबकीय द्रव आणि अरुंद जागा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चुंबक जवळ आणताच काळ्या द्रवातून टोकदार काटे उभे राहतात, असे व्हिडिओ बहुतेकांनी पाहिलेले असतात. नजर खिळवणारंच दृश्य आहे ते. पण हा द्रव खरा कामाला येतो तो उघड्या बशीत नाही, तर फटीत, नळीत, दोन काचांच्या मधल्या जागेत. तिथे चुंबकीय क्षेत्र, द्रव आणि भिंत अशा तिघांचा हिशेब जुळवावा लागतो. खालचे बहुतेक प्रश्न त्या हिशेबाबद्दल आहेत.

हा द्रव बनतो कशाचा?

मॅग्नेटाइट या लोहाच्या ऑक्साइडचे साधारण १० नॅनोमीटर व्यासाचे कण, प्रत्येक कणाभोवती ओलेइक आम्लासारख्या पदार्थाचा दोनेक नॅनोमीटर जाडीचा थर, आणि हे सगळं ज्यात तरंगतं ते तेल, केरोसीन किंवा पाणी. आकारमानाने पाहिलं तर कण जेमतेम ५ टक्के, थराचा पदार्थ १० टक्के आणि बाकी ८५ टक्के वाहक द्रव, असं ढोबळ प्रमाण असतं. याला फेरोफ्लुइड म्हणतात.

कण इतके बारीक ठेवण्यामागे कारण आहे. द्रवाचे रेणू उष्णतेमुळे सतत धडका देत असतात. १० नॅनोमीटरच्या कणाला त्या धडका पुरतात, म्हणून तो तळाशी बसत नाही. कण मोठा झाला की गुरुत्वाकर्षण आणि कणांची आपापसातली ओढ वरचढ ठरते आणि गाळ साचतो. भोवतीचा थर कणांना एकमेकांना चिकटू देत नाही. प्रत्येक कण म्हणजे एक छोटं चुंबकच. एरवी त्यांची तोंडं वाटेल तिकडे असतात, म्हणून एकूण चुंबकत्व शून्य. बाहेरून क्षेत्र लावलं की ती एका दिशेला वळतात, आणि क्षेत्र काढलं की पुन्हा विस्कटतात.

त्यापेक्षा लोखंडच वितळवून का वापरत नाहीत?

कारण वितळलेलं लोखंड चुंबकाला दाद देत नाही. लोखंडाचं चुंबकत्व ७७० अंश सेल्सिअसच्या आसपासच नाहीसं होतं आणि ते वितळतं १५३८ अंशांना. वितळलेल्या धातूंनाही चुंबकीय क्षेत्राने हलवता येतं, पण त्यासाठी त्यांच्यातून विद्युतप्रवाह वाहावा लागतो. ते शास्त्र निराळं. इथे प्रवाहाची गरज नसते, तेल विजेचं दुर्वाहक असलं तरी चालतं.

याचा शोध कशासाठी लागला?

रॉकेटच्या इंधनासाठी. वजनरहित अवस्थेत टाकीतलं इंधन तळाशी बसत नाही, कुठेही तरंगत राहतं, मग ते पंपाच्या तोंडाशी आणायचं कसं? नासाच्या क्लीव्हलँड इथल्या लुईस संशोधन केंद्रात स्टीव्ह पॅपेल यांनी १९६३ मध्ये मॅग्नेटाइट केरोसीनमध्ये ओलेइक आम्लासह दळून असा द्रव बनवला. कल्पना अशी, की इंधनच चुंबकाने ओढून घ्यावं. रॉकेटमध्ये ती रुजली नाही. पण रोनाल्ड रोझेनस्वाइग यांनी त्या द्रवाचं गणित मांडलं, तो सुधारला आणि १९६८ मध्ये सहकाऱ्यासोबत त्याचा व्यवसाय उभा केला. या विषयाचा पाया मुख्यतः त्यांनी घातलेला आहे.

चुंबक जितकं जोरदार, तितका द्रव जास्त ओढला जातो ना?

हा सगळ्यात पक्का बसलेला गैरसमज, म्हणून इथे जरा थांबू. क्षेत्र कितीही जोरदार असो, ते सगळीकडे सारखंच असेल तर द्रवावर कोणत्याही एका दिशेने ओढ बसत नाही. प्रत्येक कणाच्या एका टोकाला जेवढी ओढ, तेवढीच दुसऱ्या टोकाला उलटी. द्रव हलतो तो क्षेत्र एका जागेपासून दुसऱ्या जागेपर्यंत बदलत असेल तेव्हा. तो कमी क्षेत्राकडून जास्त क्षेत्राकडे जातो. हा बदल जितका तीव्र, तितकं बल जास्त.

म्हणूनच अरुंद जागा महत्त्वाची. चुंबकाच्या दोन टोकांमध्ये मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी फट ठेवली, तर फटीत क्षेत्र प्रचंड आणि फटीबाहेर लगेच क्षीण. एवढ्याशा अंतरात एवढा उतार मोठ्या चुंबकाने मोकळ्या हवेत मिळत नाही.

सारख्या क्षेत्रात द्रव जागचा हलत नसला, तरी त्याचा आकार मात्र बदलतो. दुसऱ्या द्रवात तरंगणारा थेंब क्षेत्राच्या दिशेने लांबट होतो. लांबट झाला की त्याच्या आतलं क्षेत्र वाढतं, ते वाढलं की तो आणखी लांबतो. पृष्ठताण या ओढाताणीला लगाम घालतो. द्रव पुरेसा चुंबकीय असेल तर थेंब हळूहळू लांबण्याऐवजी एका टप्प्यावर झटकन लांबतो. फ्रान्समध्ये बाक्री आणि सालाँ यांनी १९८२ मध्ये हे दाखवून दिलं. क्षेत्र आकार ठरवतं आणि आकार क्षेत्र बदलतो. या द्रवाचं गणित अवघड होतं ते इथेच, आणि मला तरी त्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते.

काटे का उभे राहतात? त्यांच्यातलं अंतर कशावर ठरतं?

सपाट पृष्ठभागाला उभं क्षेत्र लावलं, की जिथे चुकून किंचित उंचवटा झाला असेल तिथे बलरेषा एकवटतात आणि उंचवट्याला आणखी वर ओढतात. गुरुत्वाकर्षण आणि पृष्ठताण त्याला खाली खेचतात. क्षेत्र एका मर्यादेपलीकडे गेलं की उंचवटा जिंकतो. काउली आणि रोझेनस्वाइग यांनी १९६७ मध्ये हे मांडलं.

सुरुवातीला काट्यांमधलं अंतर क्षेत्रावर अवलंबून नसतं. ते ठरतं पृष्ठताण, घनता आणि गुरुत्वाकर्षण यांवर. पृष्ठताण मीटरला ०.०२५ न्यूटन आणि घनता पाण्याच्या १.२ पट धरली, तर उत्तर येतं सुमारे ९ मिलिमीटर. बशीतले काटे पट्टीने मोजून पाहा, हा आकडा जवळपास पटतो. मात्र भांडंच दोन-तीन मिलिमीटर रुंद असेल, तर काट्यांची ही रांग त्यात मावतच नाही. मग भिंतीपाशी द्रव कसा चढतो, यावर सगळं ठरतं.

दोन काचांमध्ये अडकवलेल्या थेंबाचं काय होतं?

हा प्रयोग मी विद्यार्थ्यांना सगळ्यात आधी दाखवतो. दोन सपाट काचा, मध्ये मिलिमीटरभर जाडीच्या पट्ट्या. त्या फटीत एक पारदर्शक द्रव भरायचा, ज्यात चुंबकीय द्रव मिसळत नाही, आणि त्यात नाण्याएवढा काळा थेंब सोडायचा. अशा चपट्या मांडणीला हेली-शॉ कोष म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती प्रवाह डोळ्यांनी पाहण्यासाठी वापरणाऱ्या इंग्लिश अभियंत्याचं ते नाव. काचा आडव्या ठेवून, भोवती गुंडाळलेल्या तारेतून प्रवाह सोडून काचांना लंब असं क्षेत्र तयार करायचं.

थोडा वेळ काही घडत नाही. मग गोल थेंबाच्या कडेला किंचित लाट दिसते. लाटेची बोटं होतात, बोटांना फाटे फुटतात, फाट्यांना पुन्हा फाटे. शेवटी संपूर्ण जागा वळणावळणाच्या, जवळपास सारख्याच जाडीच्या काळ्या पट्ट्यांनी भरून जाते आणि त्यांच्या मधून तेवढ्याच वळणांचे पांढरे रस्ते. कुठेही दोन काळ्या पट्ट्या एकमेकींना शिवत नाहीत.

का होतं असं? क्षेत्र काचांना लंब, म्हणजे थेंबातले सगळे कण उभे आणि एकमेकांच्या शेजारी. शेजारी-शेजारी उभी असलेली, एकाच दिशेला तोंड केलेली चुंबकं एकमेकांना दूर ढकलतात. मोकळ्या जागेत थेंब उभा लांबून सुटका करून घेतो, पण इथे वर काच, खाली काच. उंची ठरलेली, द्रव तेवढाच, म्हणजे वरून दिसणारं क्षेत्रफळही ठरलेलं. थेंबाला बदलता येण्यासारखी एकच गोष्ट उरते: कडेची लांबी. चुंबकीय ढकलाढकलीला कड लांब हवी असते, पृष्ठताणाला आखूड. या दोघांच्या तडजोडीतून पट्टीची जाडी ठरते. क्षेत्र वाढवलं तर पट्ट्या बारीक होतात. काचांमधलं अंतर बदललं तरी जाडी बदलते.

लॅटव्हियातल्या त्सेबर्स आणि मायोरोव्ह यांनी १९८० मध्ये याचा अभ्यास मांडला, नंतर १९८३ मध्ये रोझेनस्वाइग, झान आणि शुमोविच यांनीही. अशीच नक्षी काही अतिवाहकांमध्ये (विजेला अजिबात विरोध न करणाऱ्या पदार्थांमध्ये) आणि गार्नेट नावाच्या चुंबकीय स्फटिकांच्या पातळ पापुद्र्यांतही दिसते. पदार्थ पूर्णपणे वेगळे, पण ओढाताण तीच: लांब पल्ल्याचं ढकलणं आणि कडेची किंमत.

दर वेळी तीच नक्षी येते का?

नाही. पट्ट्यांची सरासरी जाडी तीच येते, रस्ते वेगळे. क्षेत्र झटक्यात लावलं तर एक आकृती, हळूहळू वाढवलं तर दुसरी. द्रव सर्वांत कमी ऊर्जेच्या आकारापर्यंत पोचतोच असं नाही, वाटेत कुठेतरी अडकतो. म्हणून प्रयोगाच्या नोंदीत शेवटचं क्षेत्र लिहून भागत नाही, ते कसं वाढवलं हेही लिहावं लागतं.

फिरत्या दांड्याभोवती याचं सील कसं बनतं?

निर्वात कक्षात दांडा फिरवायचा आहे, पण बाहेरची हवा आत येता कामा नये. रबरी सील घासतं, झिजतं, त्याचे कण पडतात. त्याऐवजी दांड्याभोवती कड्यासारखं चुंबक बसवतात आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पोलादी कडी. कड्यांच्या आतल्या कडेला बारीक दाते कापलेले असतात. दात आणि दांडा यांच्यातली फट ०.१ मिलिमीटर किंवा त्याहून कमी. प्रत्येक दाताखाली क्षेत्र एकवटतं आणि तिथे सोडलेला चुंबकीय द्रव स्वतःहून कडं करून बसतो. धातू धातूला लागत नाही, दांडा फक्त द्रवाला घासून फिरतो.

हे कडं किती दाब सोसेल, ते कागदावर काढता येतं. द्रवाचं चुंबकन, म्हणजे तो किती चुंबकीय झाला आहे त्याचं माप, गुणिले फटीतलं क्षेत्र, असा सोपा गुणाकार. चुंबकन मीटरला ३२,००० अँपिअर आणि क्षेत्र १ टेस्ला धरलं तर दाब येतो ३२,००० पास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या एक तृतीयांशाहून थोडा कमी. प्रत्यक्षात एका दाताला ०.२ वातावरणाच्या आसपास धरतात. पूर्ण वातावरणाचा दाब अडवायचा तर एकापाठोपाठ एक द्रवाची अनेक कडी लागतात, म्हणून तर दाते अनेक.

दाब वाढला की द्रवाचं कडं कमी दाबाच्या बाजूला सरकतं. तिकडे क्षेत्र कमी, म्हणून क्षेत्र त्याला परत आत ओढतं. मर्यादा ओलांडली तर हवेचा बुडबुडा आरपार जातो, आणि दाब उतरल्यावर कडं पुन्हा आपोआप जुळतं. रबरी सील फाटलं की फाटलंच. सिलिकॉनचे मोठे स्फटिक वाढवणाऱ्या भट्ट्यांत आणि निर्वातात लेप चढवणाऱ्या यंत्रांत ही सीलं आहेत. एके काळी हार्ड डिस्कच्या दांड्यावरही होती.

मर्यादाही आहेत. दांडा फार वेगात फिरला तर द्रव तापतो. वाहक तेल हळूहळू उडून जातं. आणि हवेसारख्या वायूला जितकं छान अडवता येतं, तितकं वाहत्या पाण्याला नाही. पाणी द्रवाला खरवडून नेतं.

स्पीकरमध्ये हा द्रव असतो हे खरं?

खरं, विशेषतः उंच सुरांच्या छोट्या स्पीकरमध्ये. तारेचं वेटोळं चुंबकाच्या अरुंद फटीत मागेपुढे हलतं आणि तापतं. फटीत हवा असते, हवा उष्णतेची वाईट वाहक. तिच्या जागी चुंबकीय द्रव भरला की उष्णता काही पट सहज धातूकडे जाते, वेटोळं मधोमध राहतं आणि नको ती थरथर दबते. द्रवाला धरून ठेवायला वेगळं काही लागत नाही, फटीतलं क्षेत्रच पुरतं. वर्षानुवर्षांनी तेल आटून घट्ट झालं तर आवाज दबका येतो. जाणकार कारागीर फट पुसून नवा द्रव घालतात.

पंप न लावता नळीतून हा द्रव वाहवता येतो का?

येतो, दोन-तीन तऱ्हांनी.

चुंबक हलवणं ही सर्वांत सरळ. वॉशिंग्टन विद्यापीठात हॅच आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये बारीक वर्तुळाकार वाहिनीत याचा पंप केला. द्रवाचा एक गोळा स्थिर चुंबकाने एका जागी अडवलेला, दुसरा फिरत्या चुंबकामागे वाहिनीभर धावणारा. धावणारा गोळा समोरच्या द्रवाला ढकलत नेतो, अडवलेला गोळा त्याला मागे फिरू देत नाही.

दुसरी तऱ्हा उष्णतेची. तापला की द्रव कमी चुंबकीय होतो. मग चुंबकाजवळ नळीची एक बाजू तापवली, तर पलीकडचा गार द्रव जास्त जोराने आत ओढला जातो आणि तापलेल्याला बाहेर ढकलतो. उष्णता येत राहील तोवर प्रवाह सुरू राहतो, एकही भाग न हलता. उपकरण जितकं तापेल तितका प्रवाह वाढतो, म्हणून ते थंड करण्यासाठी ही युक्ती फार मोलाची आहे.

भिंतच नसलेली नळी शक्य आहे?

स्ट्रासबुर्ग आणि डब्लिन इथल्या संशोधकांनी २०२० मध्ये ती करून दाखवली. चार चुंबकं अशी मांडायची, की मधल्या रेषेवर क्षेत्र शून्य आणि सगळीकडे बाहेरच्या बाजूला ते वाढत जाईल. चुंबकीय द्रव बाहेर, चुंबकांकडे धावतो. मधल्या रेषेवर पाणी सोडलं तर त्याला द्रव आत दाबून धरतो. तयार होते ती पाण्याची नळी, जिची भिंत द्रवाचीच आहे. साध्या नळीत भिंतीलगतचा थर जागचा हलत नाही. इथे भिंतही सरकते, त्यामुळे घर्षण खूप कमी होतं. त्याच गटाने या मार्गाने रक्तही पंप करून दाखवलं, आणि रक्तपेशींची मोडतोड फार कमी झाली. अरुंद जागेला आकार द्यायला घन पदार्थ लागतोच, हे आपण गृहीत धरलेलं असतं. तसं काही बंधन नाही.

क्षेत्र फिरतं ठेवलं तर द्रवही त्याच दिशेने फिरतो का?

उंच ग्लासात द्रव घेऊन भोवती फिरतं क्षेत्र लावलं तर वरून पाहताना द्रव अनेकदा उलट्या दिशेने फिरताना दिसतो. साठच्या दशकाच्या अखेरीस हे पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि त्यावर बरीच चर्चा झाली. १९९० मध्ये रोझेनस्वाइग, पॉपलवेल आणि जॉन्स्टन यांनी दाखवलं की दिशा पृष्ठभागाच्या वक्रतेवर ठरते. नळीत द्रवाची वरची बाजू खोलगट असेल तर तो क्षेत्राच्या उलट फिरतो, फुगीर असेल तर क्षेत्राबरोबर. म्हणजे द्रव काठोकाठ भरलात की निम्मा, एवढ्यावर दिशा बदलू शकते.

फिरणाऱ्या कणांचा श्यानतेवरही, म्हणजे द्रवाच्या दाटपणावरही, परिणाम होतो. स्थिर क्षेत्रात कण वळायला नाखूश असतात, म्हणून द्रव दाट वाटतो. योग्य वारंवारतेचं उलटसुलट क्षेत्र लावलं तर कणच प्रवाहाला हात देतात आणि श्यानता उतरते. १९९४ मध्ये हे भाकीत केलं गेलं, १९९५ मध्ये नळीतल्या प्रवाहात मोजलं गेलं.

गाड्यांच्या शॉक ॲब्सॉर्बरमध्ये असतो तो हाच का?

नाही. तो द्रव वेगळा. त्यातले कण मायक्रोमीटरच्या मापाचे, म्हणजे शेकडो पटींनी मोठे. क्षेत्र लावलं की त्यांच्या साखळ्या होऊन द्रव लोण्यासारखा घट्ट होतो. फेरोफ्लुइड जोरदार क्षेत्रातही वाहतच राहतो.

चुंबकीय नसलेल्या वस्तू या द्रवात कशा तरंगतात?

क्षेत्र खालच्या दिशेने वाढत असेल, तर द्रवाचं प्रत्येक घन सेंटिमीटर नेहमीपेक्षा जास्त जोराने खाली ओढलं जातं. म्हणजे द्रव आहे त्यापेक्षा जड असल्यासारखा वागतो आणि बुडवलेल्या वस्तूला तेवढाच जास्त वर ढकलतो. चुंबकन मीटरला १०,००० अँपिअर आणि क्षेत्रातला बदल दर मीटरला १० टेस्ला असला, तर द्रव पाण्याच्या दहापटींहून जड असल्यासारखा वागतो. तांब्याचा तुकडा त्यात तरंगेल. क्षेत्र वर कमी आणि खाली जास्त असल्यामुळे हा भासमान जडपणा उंचीनुसार बदलतो, म्हणून वेगवेगळ्या घनतेच्या वस्तू वेगवेगळ्या उंचीवर थांबतात. नेदरलँड्समध्ये डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठाने भंगारातलं प्लास्टिक प्रकारानुसार निवडायला हीच युक्ती वापरली आहे.

औषध चुंबकाने शरीरात हव्या त्या जागी नेता येईल?

त्वचेच्या जवळ काही प्रमाणात. खोलवर फार कठीण. छोट्या चुंबकापासून दूर गेलं की क्षेत्र अंतराच्या घनाने घटतं आणि त्यातला बदल चौथ्या घाताने. अंतर दुप्पट झालं की ओढ सोळाव्या हिश्श्यावर येते. शिवाय रक्त वाहत असतं, ते कणांना पुढे घेऊन जातं. बातम्यांमध्ये हे जितकं सोपं वाटतं, तितकं नाही.

भारतात यावर काम होतं का?

होतं, आणि जुनं आहे. गुजरातमध्ये भावनगर विद्यापीठात या द्रवांवर अनेक दशकं संशोधन झालं. चुंबकीय द्रवांची सातवी आंतरराष्ट्रीय परिषद १९९५ मध्ये तिथेच भरली होती. कल्पाक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्रातही या द्रवांवर बरंच काम झालेलं आहे, त्यात संवेदकही येतात आणि उष्णतावहनही.

शाळेच्या प्रदर्शनात काय दाखवता येईल?

काचांमधला थेंब दाखवा. द्रव घरी बनवू नका. त्यात अमोनिया, लोहाची क्षारं आणि तापवणं येतं, ते प्रयोगशाळेचं काम. छोटी तयार बाटली विकत मिळते. तेलावर आधारलेला द्रव घ्या आणि बाहेर पाणी व अल्कोहोल यांचं मिश्रण. काचा जोडण्याआधी त्या मिश्रणाने नीट ओल्या करा. कोरड्या काचेला काळा द्रव लागला की डाग निघत नाही आणि मग नक्षी दिसत नाही. बारीक चुंबक ठेवलं तर थेंब नुसता त्याच्याकडे धावेल. रुंद, सपाट फेराइट चुंबक काचेखाली मधोमध ठेवलं तर क्षेत्र बऱ्यापैकी सारखं मिळतं आणि बोटं फुटताना दिसतात.

निओडिमियम चुंबकं लहान मुलांच्या हाती देऊ नका. दोन गिळली गेली तर आतड्यात एकमेकांना चिकटून गंभीर इजा करतात. हातमोजे घाला, खाली जुना कागद अंथरा, उरलेला द्रव मोरीत ओतू नका. आणि चुंबक कधीही थेट द्रवाला लावू नका, ते पुसून साफ होत नाही. आधी प्लास्टिकच्या पिशवीत घाला. काम झालं की पिशवी बाटलीच्या तोंडावर धरून चुंबक आतून वर काढा, द्रव आपोआप खाली पडतो.